गार हात

लॉन्ड्री दोघा भावांची होती, आणि दोघांत मिळून एका माणसाचं काम होत असे. ते सगळं थोरला करायचा. धाकट्याच्या वाट्याला दाराजवळची खुर्ची आली होती, आणि ती त्याने आजवर एक दिवसही रिकामी ठेवली नव्हती.

थोरला उजाडताच गठ्ठे सोडायचा, डाग बघायचा, मशिनी लावायचा आणि मग दिवसभर इस्त्रीच्या टेबलाशी उभा राहायचा. गिऱ्हाईक आलं की धाकटा म्हणायचा, "दादा आत आहे." एवढं झालं की त्याचा दिवस सार्थकी लागायचा. इकडची काडी तिकडे करायची नाही हे त्याने फार लहानपणी ठरवलं होतं, आणि माणूस वचनाचा पक्का होता. थोरल्याची बायको हयात होती तोवर त्याला तोंडावर 'खायला काळ आणि भुईला भार' म्हणायची आणि वर ताटात जास्तीचं वाढायची. ती गेली तेव्हा धाकटा ढसाढसा रडला, पण बसून रडला. तेव्हापासून घरात दोघंच. खाली दुकान, वर दोन खोल्या. थोरला त्याला ऐदोबा म्हणायचा आणि धाकटा त्या हाकेला मुकाट ओ द्यायचा.

या घराचा एक नियम होता. उष्णता हाताने बघायची. वडिलांच्या वेळची जाडजूड इस्त्री अजून चालू होती, तिच्यावरचे आकडे केव्हाच पुसले गेले होते, आणि थोरल्याला त्यांची गरजही नव्हती. तो पालथा हात इस्त्रीच्या तळाजवळ धरायचा, क्षणभर थांबायचा आणि म्हणायचा, "रेशमाला चालेल." किंवा, "सुतीला अजून वेळ आहे." चुकला असं कोणाला आठवत नाही. दूध असो, आंघोळीचं पाणी असो, शेजारणीच्या पोराचा ताप असो, पालथा हात लावायचा आणि निकाल द्यायचा. यंत्र लावून उष्णता बघणारा माणूस त्याच्या मते नवशिका होता.

तर अशा या थोरल्याच्या शर्टाची कॉलर एके दिवशी बसेना. वरचं बटण लागेना. कॉलर आटली असं त्याला वाटलं, आणि धाकट्याने चुकून गरम पाण्यात टाकली असणार असा त्याने आरोप केला.

"दादा," धाकटा खुर्चीतूनच म्हणाला, "मी आणि कपडे धुवायला टाकीन?"

हा बचाव बिनतोड होता. मग थोरल्याने दुसरा शर्ट घातला, तिसरा घातला, आणि शेवटी आरशात पाहिलं. मानेच्या डाव्या बाजूला लिंबाएवढी गाठ आली होती.

पुढे तपासण्या झाल्या, गाठीचा तुकडा कुठेकुठे जाऊन आला, आणि दोघे भाऊ कर्करोगाच्या डॉक्टरीणबाईंसमोर जाऊन बसले. डॉक्टरीणबाई वयाने लहान होत्या आणि बोलायला मोकळ्या. त्यांनी लिम्फोमा, म्हणजे रसग्रंथींचा कर्करोग, म्हणून सांगितलं, औषधांना चांगली दाद देतो म्हणून सांगितलं, आणि औषधं काय करतात ते समजावून सांगायला घेतलं. थोरल्याचा धंदा विचारला, तिथे त्यांची चूक झाली.

"लॉन्ड्री? मग तर सोपंच आहे. बघा, पेशी आधी खाऊनपिऊन वाढते. मग आपल्या आतला सगळा मजकूर उतरवून त्याची दुसरी प्रत काढते. मग चुका तपासते. आणि मग एकीच्या दोन होतात. म्हणजे तुमचं भिजवणं, धुणं, वाळवणं, इस्त्री."

"डाग कधी काढायचे?" थोरल्याने विचारलं.

"काय?"

"भिजवायच्या आधी डाग काढावे लागतात. नाहीतर पक्के बसतात. तुम्ही ते सोडलंत."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "लॉन्ड्री राहू दे," त्या म्हणाल्या. "कर्करोगाच्या पेशींना थांबणं ठाऊक नसतं. एक फेरी संपली की लगेच दुसरी. आपली औषधं त्या फेरीत पाय घालतात. हे लाल औषध आहे ना, ते प्रत काढताना मजकुराच्या धाग्यांत घुसून बसतं. हे दुसरं त्या धाग्यांना एकमेकांशी गाठी मारतं, मग ते उलगडायला जावेत तर उलगडत नाहीत. आणि हे तिसरं. पेशीचे दोन भाग व्हायच्या वेळी आत बारीक दोऱ्या तयार होतात, त्या दोन्हीकडून ओढून वाटणी करतात. हे औषध त्या दोऱ्याच होऊ देत नाही. पेशी वाटणीच्या मधोमध अडकते आणि मरते."

"भाऊबंदकीत होतं तसं," धाकटा डोळे मिटून म्हणाला.

"आणि चांगल्या पेशी?" थोरल्याने विचारलं.

"ज्या भराभर वाढतात त्या सगळ्या तावडीत येतात. केसांच्या मुळाच्या, तोंडाच्या आतल्या, रक्त तयार करणाऱ्या."

"म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी."

"चोरालाही फाशी आणि संन्याशालाही. पण संन्यासी पुन्हा उगवतो, काका. केस परत येतात."

तेव्हा धाकट्याने डोळे उघडले. त्या दिवशीचा त्याचा हा सगळ्यात मोठा पराक्रम. "आणि जी पेशी काहीच करत नसेल? नुसती बसून असेल?"

"तिला आम्ही जी-झीरो म्हणतो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "ती फेरीतच नसते. तिला ही औषधं सहसा काही करू शकत नाहीत."

धाकट्याचा चेहरा उजळला. "ऐकलंस, दादा? शास्त्र आहे हे."

"म्हणूनच तर औषध पुन्हा पुन्हा द्यावं लागतं," त्या म्हणाल्या. "या खेपेला बसलेल्या पुढच्या खेपेला उठतात, मग सापडतात."

"मूर्ख आहेत, उठतात कशाला," धाकटा पुटपुटला.

मग डॉक्टरीणबाईंनी आवाज बदलला. त्या म्हणाल्या, गाठीची मला एवढी भीती नाही, मला भीती तापाची आहे. प्रत्येक खेपेनंतर दुसऱ्या आठवड्यात रक्तातल्या पांढऱ्या पेशी तळाला जातात, तेव्हा अंगात जंतू शिरला तर त्याला अडवायला दारात कोणी नसतं. सकाळ-संध्याकाळ ताप बघा. शंभरच्या वर गेला की गोळी घेऊन झोपायचं नाही, सकाळची वाट बघायची नाही, तडक इथे यायचं. "तेवढा एक उशीर माणूस घेऊन जातो," त्या म्हणाल्या, आणि सिस्टरने थोरल्याच्या हातात एक नवा कोरा थर्मामीटर ठेवला.

थोरल्याने घरी येऊन तो बटणांच्या डब्यात टाकला. "आता मला काचेची कांडी माझा ताप सांगणार?" तो म्हणाला. "काचेची पण नाही, प्लॅस्टिकची." मग त्याने धाकट्याकडे पाहिलं. बसून बसून धाकट्याचे हात बारा महिने गार असायचे, आणि गार हाताला ताप पटकन कळतो हे इस्त्रीवाल्याला सांगावं लागत नाही. "ऐदोबा, सकाळ-संध्याकाळ माझ्या कपाळाला हात लावायचा. एवढं एक काम जन्मात कर."

"उठावं लागेल का?"

"मी येईन तुझ्यापाशी, महाराज."

असं ते ठरलं. आणि खरं सांगायचं तर धाकट्याचा हात होताही तयारीचा. पहिल्या खेपेनंतर एका संध्याकाळी कपाळाला हात टेकवताच तो म्हणाला, "बॉयलरजवळ किती वेळ उभा होतास?" थोरल्याने चमकून कबूल केलं. जरा बसल्यावर कपाळ निवलं.

बसणं मात्र थोरल्याला मंजूर नव्हतं, आणि त्यामागे त्याचं स्वतःचं शास्त्र होतं. औषध फक्त काम करणाऱ्या पेशींना पकडतं, बसलेल्या निसटतात. म्हणजे आपण बसलो की त्याही बसणार, आणि आपण राबलो की त्याही राबणार आणि सापडणार. "एकेकीला कामाला जुंपतो की नाही बघ," तो म्हणायचा. यात काहीतरी घोळ आहे असं धाकट्याला वाटत होतं, पण वाद घालायचा तर सरळ बसावं लागतं, म्हणून त्याने तो विषय सोडून दिला.

औषधांबरोबर पहिले काही दिवस ज्या गोळ्या होत्या, त्यांनी तर माणसाला पंख फुटले. थोरल्याने दुकानातले सगळे कपडे संपवले, मग घरचे पडदे काढून इस्त्री केले, मग धाकट्याला म्हणाला, अंगातला शर्ट काढ. लाल औषधाने लघवी लाल झाली तेव्हा तो बराच वेळ संडासात उभा राहिला आणि बाहेर येऊन म्हणाला, "हा रंग पांढऱ्यावर पडला तर निघायचा नाही." केस गेले. भुवया गेल्या. तोंड आलं. कपाळावरून घाम थेट डोळ्यांत उतरायला लागला, कारण मध्ये अडवायला भुवई नव्हती. पण गाठ लिंबाची सुपारी झाली होती, आणि थोरला कॉलरचं बटण लावून आरशात बघायचा आणि म्हणायचा, "जुंपलंय."

औषध चढवायच्या खोलीत धाकटा बरोबर जायचा, कारण मोकळा असा दुसरा कोणी नव्हताच. तिथल्या आरामखुर्च्या त्याला बेहद्द आवडल्या. पेशंटच्या आधी सोबतच्याला झोप लागलेली पाहून सिस्टरने त्याचं नाव जी-झीरो ठेवलं. तिथे सगळे त्याला त्याच नावाने ओळखायला लागले, आणि त्यालाही ऐदोबापेक्षा ते जरा शिकल्यासारखं वाटलं.

तिसऱ्या खेपेनंतर बँडमास्तरचा पांढरा कोट जळला.

थोरल्याच्या हातून कपडा जळणं ही गोष्ट आजवर घडली नव्हती. पाठीवर मधोमध, इस्त्रीच्याच आकाराचा तपकिरी डाग. धाकट्याला वास आला आणि तो मान वळवून बघायला लागला, तर थोरला पालथा हात पुन्हा पुन्हा इस्त्रीजवळ नेत होता, आणखी जवळ, आणखी जवळ, शेवटी टेकवलाच, आणि तरी त्याच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. मग त्याने हात मागे घेतला आणि त्यावर उठलेल्या लाल वळाकडे दुसऱ्या कोणाचा हात असावा तसा बघत राहिला.

बोटं बधिर झाली होती. वाटणीच्या दोऱ्या होऊ न देणारं ते तिसरं औषध; तशाच बारीक दोऱ्यांवरून मज्जातंतूंमधला माल वाहतो, त्याही त्याने सोडल्या नव्हत्या. सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात ते हे. डॉक्टरीणबाईंनी विचारलंही होतं, "बोटांना मुंग्या?" आणि थोरल्याने बेलाशक सांगितलं होतं, "छे."

बँडमास्तर कोट न्यायला आला. डाग पाहून तो कळवळला. "पाठीवर आहे," धाकटा मध्ये पडला, "कोणाच्या लक्षात येणार नाही."

"अहो, मी बँडकडे तोंड करून उभा राहतो!" बँडमास्तर म्हणाला. "लोकांना माझी पाठच दिसते!"

तो गेल्यावर थोरला टेबलाशी उभा राहिला. टेबलावरचं जाड कापड हाताने सारखं करत राहिला, आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. भुवया नव्हत्या, पापण्या नव्हत्या, त्यामुळे ते लपवताही येईना. बायको गेली तेव्हाही धाकट्याने त्याला असं पाहिलं नव्हतं. धाकट्याला फार वाईट वाटलं. इतकं, की तो उठला.

"सरक," तो म्हणाला.

"काय?"

"सरक म्हटलं. खुर्चीत बस. सांग कसं करायचं ते."

थोरल्याला एवढा धक्का बसला की तो खरंच जाऊन बसला.

पुढचे दिवस गल्लीने कधी पाहिले नव्हते. दारातल्या खुर्चीत थोरला, टक्कल घेऊन, गिऱ्हाइकांना सांगतोय, "धाकटा आत आहे, इस्त्री करतोय." एक म्हातारी गिऱ्हाईक हे ऐकून मागच्या मागे घरी गेली, तिला वाटलं, आजार डोक्यात शिरला. खुर्चीतून थोरला ओरडायचा, "कॉलर आधी! कॉलर आधी! बाह्या पळून जात नाहीत!" धाकट्याने हात भाजून घेतले, बोटांना फोड आले, दोन टेबलक्लॉथची त्याने पार वाट लावली. पण आठवडा होत आला तशी इस्त्री त्याच्या हाताखाली सरळ चालायला लागली, आणि त्याला एक चमत्कारिक सवय लागली. झालेल्या शर्टांच्या चवडीकडे तो येता-जाता बघायचा. आपण केलेली गोष्ट ढिगाने समोर रचलेली बघण्याचा हा त्याचा पहिलाच प्रसंग होता.

कपाळाला हात लावायचं काम त्याने सोडलं नव्हतं. सकाळी इस्त्री तापत आली की, आणि संध्याकाळी शेवटचा शर्ट झाला की, तो थोरल्यापाशी जायचा, कपाळाला हात लावायचा आणि सांगायचा, "गार आहे." तेवढ्यावर दोघांचं समाधान व्हायचं. दुसरा आठवडा लागला होता, हे दोघांनाही ठाऊक होतं.

त्या दिवशी सकाळीही तो म्हणाला, "गार आहे," आणि परत टेबलाशी गेला.

दुपारपर्यंत थोरला एकदाही ओरडला नाही. धाकट्याने मुद्दाम बाह्या आधी केल्या. तरी शब्द नाही. त्याने एक शर्ट उंच धरून दाखवला. थोरल्याने मान हलवली. धाकट्याची छाती फुगली. एवढ्या दिवसांत दादाने आपल्या कामात खोट काढली नाही असं पहिल्यांदाच होत होतं. म्हणजे आपल्याला इस्त्री जमली. तो गुणगुणत राहिला, आणि दोन शर्ट जास्तीचे केले.

मग दुकानाचं दार ओढून घेतलं आणि, जित्याची खोड, धाकटा मागच्या बाजूला धुण्याच्या मोरीजवळ ओल्या गार फरशीवर पसरला. इतके दिवस त्याने दुपारची झोप टाळली होती. आज कमावली आहे असं त्याला वाटत होतं. हात दोन्हीकडे फरशीवर टाकून तो चांगला तासभर घोरला.

उठून तो चहाचं विचारायला पुढे आला. थोरला खुर्चीत मान टाकून बसला होता. "दादा, चहा?" उत्तर नाही. त्याने हलवायला म्हणून मानेला हात लावला आणि झटक्याने मागे घेतला.

मान भाजत होती.

सकाळी तर गार होतं. आपल्याच हाताचं काहीतरी चुकतंय असं वाटून त्याने दुसरा हात लावला. तेच. मग त्याने आयुष्यात पहिल्यांदा त्या घराचा नियम मोडला. बटणांचा डबा टेबलावर उपडा केला, बटणं चारी दिशांना गेली, त्यातून थर्मामीटर काढला आणि थोरल्याच्या काखेत खुपसला. एकशे दोनच्या वर.

गल्ली पाइप टाकायला या टोकापासून त्या टोकापर्यंत खणून ठेवली होती. गाडी आत यायची नाही, आणि थोरल्याच्याने चार पावलं चालवेना. दवाखाना जवळ होता, पण चढावर. दारात माल पोहोचवायची हातगाडी उभी होती, तिच्यावर हॉटेलच्या इस्त्री केलेल्या चादरींचे गठ्ठे. धाकट्याने थोरल्याला उचलून त्या चादरींवर आडवं केलं आणि गाडीला खांदा लावला.

हा माणूस चढावर गाडी ढकलत पळतोय हे दृश्य बघायला दुकानांतून लोक बाहेर आले. खड्ड्याच्या कडेने, फळीवरून, पाइपांवरून गाडी उडत होती. थोरला कुडकुडत होता आणि मधूनच डोळे उघडून म्हणत होता, "चुरगळतील रे. हॉटेलच्या आहेत." धाकटा काही म्हणाला नाही, कारण त्याला श्वास पुरत नव्हता. श्वास पुरला असता तर तो म्हणाला असता, दादा, मरू नकोस, मला तुझ्याशिवाय कोणी नाही. शेवटच्या वळणावर त्याला वाटलं आपलंच हृदय थांबणार, तरी पाय चालत राहिले. हे पाय आपलेच का, याची त्याला शंका आली.

"जी-झीरो? तुम्ही पळत आलात?" सिस्टर दारातच म्हणाली, आणि मग चादरींवरच्या माणसाकडे पाहून तिने पुढचं हसू गिळलं. सगळं भराभर झालं. सुई, रक्त, औषधाची बाटली, दार बंद.

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या तेव्हा धाकटा बाकावर दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवून बसला होता. "पांढऱ्या पेशी जवळजवळ नाहीतच," त्या म्हणाल्या. "संध्याकाळपर्यंत थांबला असतात तर मी काही करू शकले नसते. आता बघू." मग त्यांनी विचारलं, "ताप सकाळपासून असणार. बघितला नव्हता?"

"बघितला होता," धाकटा म्हणाला. दादा गेला तर आपण एकटे पडू ही भीती होतीच. पण दादा आपल्या या हातांमुळे गेला, ही त्याहून मोठी होती.

ताप उतरायला दिवस गेले. थोरला बोलायला लागला तशी त्याने पहिल्यांदा चादरींची चौकशी केली. मग डॉक्टरीणबाईंना आपलं शास्त्र सांगितलं, पेशींना जुंपण्याचं. त्यांनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं, हे त्यांचं मोठेपण.

"काका," त्या म्हणाल्या, "तुम्ही उभे राहिलात म्हणून गाठ उभी राहत नाही. तुम्ही झोपलात तरी ती कामावर असते. तुम्ही फुकट दमलात."

"फुकट?" थोरला म्हणाला.

"साफ फुकट."

त्या गेल्यावर धाकटा पलंगापाशी आला. चार दिवस पोटात ठेवलेलं त्याने एका दमात सांगून टाकलं. की सकाळी मीच हात लावला. आदल्या संध्याकाळीही लावला. दोन्ही वेळा मला गार लागलं. दुपारी झोपून उठलो नसतो तर कळलंच नसतं. "माझा हात मेलाय, दादा. तुझ्या बोटांसारखाच."

थोरला त्याच्याकडे बघत राहिला. "कुठे झोपला होतास?"

"मोरीजवळ. फरशीवर."

"हात दाखव."

धाकट्याने हात पुढे केले. थोरल्याची बोटं बधिर होती, म्हणून त्याने ते हात उचलून आपल्या गालाला लावले. मग डोळ्यांसमोर धरले. फोड, भाजल्याचे डाग, तळव्याला नुकते धरू लागलेले घट्टे. सगळा हिशेब त्याच्या डोक्यात एका क्षणात जुळला. जन्मभर उष्णतेचाच धंदा केला होता त्याने.

"गाढवा," तो म्हणाला, "सकाळी इस्त्री तापवून आलास. संध्याकाळी इस्त्री सोडून आलास. तापलेल्या हाताला ताप गारच लागणार!" आणि तो हसायला लागला. हसता हसता खोकला, सिस्टर धावत आली, तिला त्याने हाताने परत पाठवलं. "जन्मात एकदा काम केलंस, आणि तेवढ्यात मला मारत होतास!"

धाकट्यालाही हसू आलं, आणि त्याच्याबरोबर रडूही, आणि या वेळी तो उभा होता.

"आणि वाचवलंस कशाने, तर झोपून," थोरला डोळे पुसत म्हणाला. "कोणाला सांगू नकोस. धंद्याची अब्रू जाईल." "इस्त्रीला एक बाई बघ. चांगली, हाताची तयार. तू माझ्यापाशी बस."

"बसून काय करू?"

"काही करू नकोस. हात गार ठेव."

शर्टांची ती चवड धाकट्याच्या डोळ्यांसमोरून गेली. काम सुटल्याचं वाईट वाटेल असं त्याला कधी वाटलं नव्हतं, पण वाटलं. तरी तो म्हणाला, "बरं."

उरलेल्या खेपा तशा पार पडल्या. बाई मिळाली, ती कॉलर आधी करायची, त्यामुळे थोरल्याला ओरडायला काही उरलं नाही. सिस्टरच्या धाकाने थर्मामीटर बटणांच्या डब्यातून बाहेर येऊन खुर्चीजवळ टांगला गेला. तिसऱ्या औषधाचं माप डॉक्टरीणबाईंनी कमी केलं. मानेवर आता बोटाला काही लागत नव्हतं. तरी त्या म्हणाल्या होत्या, एखादी बसलेली असेल कुठे, ती दिसत नाही, तिच्यासाठी येत राहायचं. थोरला त्यावर म्हणाला होता, आळशांवर नजर ठेवायची मला सवय आहे.

शेवटच्या खेपेला लाल औषध नळीतून उतरत होतं. शेजारच्या खुर्चीत धाकटा बसला होता, आणि चक्क जागा. सिस्टरने थर्मामीटर लावला, आकडा वाचला, "नॉर्मल," म्हणाली आणि पुढच्या पेशंटकडे गेली.

"तिचं राहू दे," थोरला डोळे मिटून म्हणाला. "तू बघ."

धाकट्याने हात त्याच्या कपाळावर ठेवला. "गार आहे, दादा."

"ठेव जरा."

त्याने ठेवला. हळूहळू थोरल्याचा श्वास लांब झाला, तोंड किंचित उघडलं, झोप लागली. कपाळाच्या उबेने हात कोमट झाला, तसा धाकट्याने तो अलगद काढला आणि दुसरा ठेवला.